पत्रास कारण की…



आपल्याकडच्या जुन्या पत्रांची एक ठरलेली चाल असे. आधी ‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’, मग घरच्या खुशालीच्या दोन ओळी, आणि त्यानंतर ‘पत्रास कारण की’ असं म्हणून खरा मुद्दा यायचा. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची पत्रं सलाम आणि दुआ यांनी सुरू होत, पण कारण तिथेही तिसऱ्या-चौथ्या ओळीतच येई. आज मी ज्या पत्रांविषयी बोलणार आहे, ती इंग्लंडमधली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, निसर्गाच्या आणि आकाशाच्या अभ्यासकांनी एकमेकांना लिहिलेली ती पत्रं. त्यांची चालही फारशी वेगळी नाही. आधी प्रकृतीची चौकशी, मुलाबाळांची खबरबात, आणि मग कारण. हे कारण कधी कबुतराच्या पिसांचं असे, कधी न दिसलेल्या एका ग्रहाचं, आणि एकदा तर ते साऱ्या सजीवसृष्टीच्या जडणघडणीचं होतं.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही. कविता लिहितो, आणि बी.ए.ला माझा विषय भाषा हाच होता. पण पत्र या प्रकाराविषयी मला फार जिव्हाळा आहे. मिर्झा गालिब यांच्या उर्दू पत्रांचा पहिला संग्रह ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ साली निघाला. पत्र म्हणजे दूरच्या माणसाशी समोर बसून बोलणं, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षांत तिकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन रोज सकाळी टपालाची वाट पाहत होता. एक शायर, एक शास्त्रज्ञ. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असण्याचं कारण नाही. पण दोघांच्या पत्रांमागे एकच नवी सोय उभी होती, ती म्हणजे स्वस्त टपाल.

इंग्लंडमध्ये १८४०च्या आधी पत्र पाठवणं महाग होतं. अंतर किती आणि कागद किती यावर हशील ठरे, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यानं द्यायचं असे. रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे १० जानेवारी १८४०पासून देशात कुठंही, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी असा सरसकट दर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात राणीचं चित्र असलेलं काळं तिकीट आलं. १८३९ साली ब्रिटनमध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रं गेली होती. १८४० साली हा आकडा १६ कोटी ९० लाखांच्या आसपास पोचला. आपल्याकडे १८५४ साली तशीच सुधारणा झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावाला जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला.

याचा विज्ञानाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध असा, की त्या काळी विज्ञान हा पगारी पेशा फार थोड्यांचा होता. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांत धर्मोपदेशक होते, लष्करातले अधिकारी होते, डॉक्टर होते, माळी होते, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. सगळ्यांनाच लंडनच्या विद्वत्सभांत जाऊन बसणं शक्य नव्हतं. काही सभांची दारं तर स्त्रियांना बंदच होती. पण एक पेनीचं तिकीट लावलेलं पत्र कुणाच्याही दारात जाऊ शकत होतं.

डार्विनचंच उदाहरण घेऊ. १८३६ साली ‘बीगल’ जहाजावरून तो परतला, आणि १८४२ साली लंडनपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या डाउन या खेड्यात राहायला गेला. त्यानंतरची चाळीस वर्षं तो तिथेच राहिला. प्रकृती कायम नादुरुस्त. प्रवास नको, सभा नकोत, गर्दी नको. मग जगभरातली माहिती त्याच्यापर्यंत पोचली कशी? तर टपालानं. त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक पत्रं आज माहीत आहेत, आणि पत्रव्यवहार होता सुमारे दोन हजार माणसांशी. एकट्या जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राशी त्याची चौदाशेच्या वर पत्रांची देवघेव झाली. जीवजाती अचल नसाव्यात, त्या बदलत असाव्यात, ही शंका त्यानं १८४४च्या जानेवारीत पत्रातून हूकरलाच सांगितली. आणि हे सांगणं आपल्याला खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतं, असंही लिहिलं. ग्रंथ छापून यायला अजून पंधरा वर्षं होती.

त्याची विचारपूस फार बारीक असे. कबुतरं पाळणाऱ्यांना तो पिल्लांच्या मापांविषयी विचारी. परदेशातल्या लोकांना विचारी, की तिकडची माणसं आश्चर्य वाटलं की भुवया उंचावतात का, लाज वाटली की त्यांचा चेहरा लाल होतो का. चेहऱ्यावरच्या भावांविषयीची प्रश्नांची एक यादीच त्यानं १८६७ साली छापून जगभर पाठवली. निरनिराळ्या निरीक्षकांकडून छत्तीस उत्तरं आली, आणि १८७२ साली निघालेल्या पुस्तकात त्यानं उत्तरं देणाऱ्यांची नावं दिली. त्यांत हिंदुस्थानातून लिहिणारेही होते.

आलेल्या पत्रांचं तो काय करी? कामाचा मजकूर कात्रीनं कापून विषयवार ठेवलेल्या कागदांत घाली. आपल्याला हे जरा निर्दय वाटेल. पण त्याच्या लेखी पत्र हा पुरावा होता, आणि पुरावा ज्या विषयाचा, त्या विषयातच हवा.

या पत्रलेखकांतल्या तिघांची ओळख करून देतो.

पहिला एडवर्ड ब्लिथ. १८४१पासून तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक होता. पगार तुटपुंजा, काम डोंगराएवढं. तो डार्विनला लांबलचक पत्रं लिही. त्यांत हिंदुस्थानातली गुरं, कोंबड्या, पक्षी, जंगली प्राणी यांची माहिती ओसंडून वाहत असे. डिसेंबर १८५५मध्ये त्यानं डार्विनला विचारलं, की वॉलेस नावाच्या माणसाचा जीवजातींवरचा लेख वाचलात का? त्याबद्दल तुमचं मत काय? कलकत्त्याहून आलेली ती सूचना डार्विननं त्या वेळी पुरेशी मनावर घेतली नाही. तिचं मोल पुढं कळलं.

दुसरा जॉन स्कॉट. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात तो माळीकाम करी. १८६२ साली डार्विनचं ऑर्किडच्या फुलांवरचं पुस्तक आलं. त्यातल्या एका फुलाविषयी डार्विनचं म्हणणं होतं, की ते फक्त नरफूल असावं. स्कॉटनं त्याच फुलाला परागण करून फळ धरवलं होतं. त्यानं त्याच वर्षी पत्र लिहून तसं कळवलं. एका माळ्यानं नामवंत ग्रंथकाराला तुमचं चुकलं म्हणून कळवणं, ही त्या काळच्या इंग्लंडात लहान गोष्ट नव्हती. डार्विन रागावला नाही, उलट आनंदला. त्याला पुढचे प्रयोग सुचवले, त्याचं लेखन छापून यावं म्हणून खटपट केली. १८६४ साली स्कॉट हिंदुस्थानात यायला निघाला तेव्हा वाटखर्चही डार्विननंच दिला. पुढं तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात कामाला लागला आणि तिथूनही लिहीत राहिला. डार्विनच्या शेवटच्या पुस्तकाचा विषय होता गांडुळं. त्यासाठी बंगालच्या मातीतल्या गांडुळांच्या विष्ठेचे नमुने आणि निरीक्षणं स्कॉटनं पाठवली होती.

तिसरी मेरी ट्रीट. ही अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहणारी, स्वतःच्या लेखणीवर पोट भरणारी स्त्री. किडे खाणाऱ्या वनस्पतींचा तिला ध्यास. आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात, त्या ‘सीतेच्या आसवां’च्या कुळातली एक पाणवनस्पती तिनं तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. इवल्याशा पिशवीत किडा कसा अडकतो, ते तिनं नोंदवलं. डार्विननं १८७५च्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकात तिच्या निरीक्षणांचा तिच्या नावानं उल्लेख केला.

या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. पत्र आलं, त्याला उत्तर गेलं, आणि मिळालेली माहिती वापरताना कुणाकडून मिळाली ते सांगितलं गेलं. उत्तर देणं आणि नाव सांगणं, या दोन साध्या रीतींवर तो सगळा कारभार चालला होता. यातली एखादी रीत मोडली तर काय होतं, ते आकाशाच्या अभ्यासकांच्या गोष्टीत दिसतं.

आकाशाकडे जाण्यासाठी पूलही एका पत्राचाच आहे. जॉन हर्शेल हा मोठा खगोलशास्त्रज्ञ. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा. १८३४ ते १८३८ तो दक्षिण आफ्रिकेत केप इथं राहून दक्षिणेचं आकाश पाहत होता. फेब्रुवारी १८३६मध्ये त्यानं लंडनला भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल याला पत्र लिहिलं. जुन्या जीवजाती नाहीशा होऊन त्यांच्या जागी नव्या कशा येतात, हे सर्व रहस्यांतलं रहस्य आहे, अशा आशयाचे शब्द त्यात होते. हे पत्र हातोहात फिरलं आणि पुढच्याच वर्षी छापलंही गेलं. त्याच १८३६च्या जूनमध्ये घरी परतणारा तरुण डार्विन केपला हर्शेलला भेटला होता. पुढं आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदात त्यानं त्या शब्दांची आठवण काढली. तारे मोजणाऱ्यानं प्रश्न विचारला आणि भुंगे गोळा करणाऱ्यानं तो उचलला. आज वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये या दोघांच्या कबरी जवळजवळ आहेत.

आता गोष्ट नेपच्यूनची. युरेनस १७८१ साली सापडला, पण गणितानं ठरवलेल्या वाटेवरून तो चालेना. पलीकडे कुणीतरी अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असं लोकांना वाटू लागलं. केंब्रिजमधला जॉन काउच ॲडम्स हा कॉर्नवॉलच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय सव्वीस. त्यानं त्या न दिसलेल्या ग्रहाची जागा गणितानं काढली. ऑक्टोबर १८४५मध्ये तो ग्रीनिचच्या वेधशाळेत राजज्योतिषी जॉर्ज एअरी याला भेटायला गेला. भेट झाली नाही. निष्कर्षाचा कागद ठेवून तो परतला. ५ नोव्हेंबरला एअरीनं त्याला पत्र लिहून एक प्रश्न विचारला. तुमच्या सिद्धांतानं युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही दुरुस्त होते का?

ॲडम्सनं उत्तर पाठवलं नाही.

कारण काय असेल? प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला असेल, मनाला लागलं असेल, संकोच असेल. अलीकडे, २००४ साली त्याच्या घरच्या कागदांत एक अर्धवट मसुदा मिळाला. नोव्हेंबर १८४५मध्ये त्यानं उत्तर लिहायला घेतलं होतं, पण पुरं केलं नाही. इकडे एअरीही स्वस्थ बसला. आठ महिने गेले.

जून १८४६मध्ये पॅरिसच्या ल व्हेरिए या गणितज्ञानं तेच गणित स्वतंत्रपणे करून छापलं. एअरीनं २६ जूनला त्यालाही नेमका तोच प्रश्न पाठवला. ल व्हेरिएनं दोन दिवसांत, २८ जूनला, उत्तर लिहिलं. मग इंग्लंडमध्ये धावपळ झाली. केंब्रिजला जेम्स चॅलिस यानं जुलैअखेर शोध सुरू केला. ऑगस्टमध्ये त्याच्या दुर्बिणीतून तो ग्रह दोनदा नोंदलाही गेला, पण ओळखू आला नाही. तिकडे ल व्हेरिएनं १८ सप्टेंबरला बर्लिनच्या योहान गाल याला पत्र टाकलं, की अमुक जागी पाहा. पत्र २३ सप्टेंबरला पोचलं. त्याच रात्री गाल आणि त्याचा तरुण सहकारी डारेस्ट यांनी दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच ग्रह सापडला.

त्यानंतर दोन देशांत चांगलीच जुंपली. जॉन हर्शेलनं लंडनच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहून ॲडम्सच्या कामाची जगाला पहिल्यांदा जाहीर ओळख करून दिली. फ्रेंच संतापले. इंग्रजांनी एअरीला धारेवर धरलं. १३ नोव्हेंबर १८४६ला एअरी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे उभा राहिला, तो आलेली-गेलेली पत्रं तारीखवार घेऊनच. त्या पत्रांचं बाडही पुढं अनेक वर्षं ग्रीनिचमधून गहाळ होतं. १९९८ साली ते सापडलं थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, दिवंगत झालेल्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या सामानात. ते हाती आल्यावर अभ्यासकांनी सगळं प्रकरण पुन्हा तपासलं. ॲडम्सचे आकडे वेळोवेळी बदलत होते आणि एअरीचा प्रश्न अगदीच फालतू नव्हता, असं त्यातले काही जण म्हणतात. ॲडम्स आणि ल व्हेरिए १८४७ साली इंग्लंडमध्ये भेटले ते मात्र स्नेहानं. भांडण इतरांचं होतं. पण प्रश्न एक, माणसं दोन. एकानं दोन दिवसांत उत्तर दिलं, दुसऱ्यानं दिलंच नाही. ग्रहाच्या शोधाचं पहिलं श्रेय कुठं गेलं, ते आपण पाहिलंच.

उत्तराची गोष्ट झाली. आता नावाची. कलकत्त्याच्या ब्लिथनं ज्याचा लेख वाचायला सांगितला होता, तो आल्फ्रेड रसेल वॉलेस. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. पक्षी आणि कीटक गोळा करून इंग्लंडला विकायचे आणि त्यावर पोट भरायचं, हा त्याचा व्यवसाय. आज जो इंडोनेशिया आहे, तिथल्या बेटांवर तो फिरत होता. १८५८च्या फेब्रुवारीत तापानं पडला असताना त्याला सुचलं, की जीव जितके जन्मतात तितके जगत नाहीत. जे परिस्थितीला अधिक अनुरूप ते टिकतात, आणि याच मार्गानं जाती बदलत जातात. त्यानं ते लिहून काढलं आणि तेर्नाते बेटाचा पत्ता घालून डार्विनकडं पाठवलं. सोबत विनंती केली, की बरं वाटलं तर लायलना दाखवा.

डार्विननं १८ जून १८५८ रोजी लायलला कळवलं, की हे आज आलं आहे. वीस वर्षं तो ज्या विचारावर काम करीत होता, तोच विचार दुसऱ्याच्या हस्ताक्षरात समोर होता. कल्पना करा. मलायाच्या बेटांवरून येणारं टपाल. जहाजं बुडत, पत्रं गहाळ होत. हे पत्र मिळालंच नाही, असं म्हटलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. डार्विननं ते लायलकडे धाडलं. आपली मौलिकता आता संपली, असं लिहिलं. आपण क्षुद्रपणे वागलो असं कुणाला वाटण्यापेक्षा आपलं सगळं पुस्तक जाळलेलं बरं, असंही पुढच्या पत्रात लिहिलं. त्याच दिवसांत त्याचं घर आजारानं ग्रासलं होतं. २८ जूनला त्याचं तान्हं मूल दगावलं.

लायल आणि हूकर यांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसचा लेख वाचला गेला. सोबत डार्विनचं १८४४चं जुनं लेखन आणि १८५७मध्ये त्यानं अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेलं पत्रही वाचलं. म्हणजे आधी कुणाला सुचलं याची साक्षही एका पत्रानंच दिली. सभेला दोघांपैकी कुणीच नव्हतं. एक मुलाच्या दुःखात, दुसरा हजारो मैलांवर.

यात एक गोष्ट खटकते, ती सांगायला हवी. वॉलेसची परवानगी कुणी घेतली नाही. घ्यायची म्हटली तर पत्र जाऊन उत्तर यायला महिनोन्‌महिने गेले असते, हे खरं. पण वाचताना डार्विनचं लेखन आधी आणि वॉलेसचं नंतर, हा क्रमही त्याला न विचारताच ठरला. वॉलेसला हे पत्रांतून कळलं तेव्हा त्यानं आनंदानं आईला लिहिलं, की डार्विन आणि हूकर यांची आपल्याला पत्रं आली आहेत. त्यानं तक्रार केली नाही. १८८९ साली त्यानं या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याला नावही ‘डार्विनिझम’ असं दिलं. आणि १८८२ साली डार्विनची शवपेटी उचलणाऱ्यांत वॉलेस होता. तेर्नातेहून आलेलं ते मूळ पत्र मात्र आज उपलब्ध नाही. पण त्यातला विचार ज्याचा, त्याचं नाव राहिलं.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जानसेन गुंटूरला तळ ठोकून होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा प्रकाश त्यानं वर्णपटदर्शकातून पाहिला. त्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं त्या पाहूनही दाखवल्या. त्यानं पॅरिसच्या ॲकॅडमीला पत्र लिहिलं, आणि ते जहाजानं निघालं. इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर, जो युद्धखात्यात कारकून होता आणि हौसेनं सूर्य पाहत असे, त्यानं २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधलं. त्यानंही लगोलग कळवलं. दोघांची पत्रं ॲकॅडमीच्या २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली. भांडण सहज पेटलं असतं. पण १८७२ साली फ्रेंचांनी एक पदक पाडलं, त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी होते. त्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेचं कोडं पुढं लॉकयरनं उलगडायला घेतलं, आणि त्या नव्या मूलद्रव्याचं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते १८९५ साली विल्यम रॅमसे यांना सापडलं.

कोकणात विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जागा दाखवतात. १८६८ साली लॉकयरनं तिथून हेलियम शोधला, असं अनेकदा सांगितलं आणि छापलंही जातं. पण पत्रं काय सांगतात? त्या ऑगस्टमध्ये लॉकयर हिंदुस्थानात नव्हता, तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गाला तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक के. डी. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला आपली उपकरणं मांडली होती. साहेब विजयदुर्गाला आला होता, हे खरंच आहे, आणि किल्ल्याच्या अभिमानाला तेवढं पुरे आहे. गुंटूरचं श्रेय गुंटूरला द्यावं. पत्रावरची तारीख आणि ठिकाण या गोष्टी आपण किरकोळ समजतो. पण त्याच कधी कधी साक्षीला उभ्या राहतात.

याच लॉकयरनं १८६९ साली ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं. संपादकाला पत्र लिहून नवा शोध कळवायचा, ही प्रथा त्यात रुजली. पुढं कित्येक दशकं त्यातल्या संशोधनाच्या छोट्या लेखांना ‘पत्र’ असंच म्हणत.

आता जे या टपालात नव्हते, त्यांच्याविषयी थोडं. बेटांवरच्या प्रवासात वॉलेससोबत अली नावाचा मलय मुलगा होता, सारावाकचा. होडी हाकणं, स्वयंपाक करणं, पक्षी टिपणं, त्यांची कातडी सोलून नमुने तयार करणं, आजारपणात सेवा करणं, सगळं तो करी. १८५८च्या ऑक्टोबरमध्ये बाचान बेटावर त्यानं एक विलक्षण पक्षी आणला. स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळातला, छातीवर हिरवी पिसं आणि खांद्यांवरून निघालेले लांब पांढरे तुरे. शास्त्रात त्या पक्ष्याला वॉलेसचं नाव मिळालं. पण तो अलीनं आणला, हे वॉलेसनं स्वतःच १८६९च्या आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवलं, आणि म्हातारपणी आत्मचरित्रात अलीचा फोटोही छापला. मद्रासच्या वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एक रूपविकारी तारा शोधला; त्यांचंही नाव नोंदलं गेलं म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. अशी किती माणसं असतील, ज्यांनी दगड फोडले, फुलं वेचली, रात्री जागून घड्याळाचे ठोके मोजले, पण ज्यांची नावं कुणाच्या पत्रात आली नाहीत! विद्वानांच्या पत्रव्यवहाराचं कौतुक करताना याची जाणीव ठेवावी लागते. नाव सांगण्याची रीत होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोचली नाही.

डार्विनची सगळी पत्रं मिळवून छापण्याचं काम १९७४ साली सुरू झालं. तिसावा आणि शेवटचा खंड निघाला २०२३ साली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं एका माणसाचं टपाल वाचण्यात गेली. आजचे शास्त्रज्ञ ई-मेल लिहितात. त्यातलं किती उरेल, हे पुढच्यांनी पाहावं. पण साधन बदललं तरी दोन्ही कर्तव्यं तीच आहेत. विचारलं त्याला उत्तर द्यावं, आणि ज्याचं त्याचं नाव घ्यावं. ही शास्त्रज्ञांपुरती गोष्ट नाही. कुणी ऐकवलेली कल्पना आपली म्हणून सांगणं आणि आलेल्या पत्राला उत्तर न देणं, या दोन गोष्टी आम्हा कवींच्या जगातही काही कमी घडत नाहीत.

डार्विनच्या मुलानं वडिलांच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यात तो सांगतो, की नकोशी पत्रं फार येऊ लागली तेव्हा वडिलांनी अशा लोकांसाठी उत्तराचा एक छापील नमुना करून घेतला होता. पण तो त्यांनी क्वचितच वापरला. उत्तर द्यायचं राहिलं, की त्यांना रात्री टोचणी लागे. मग ते स्वतःच्या हातानं लिहीत, किंवा आरामखुर्चीत बसून घरच्या कुणाला तरी मजकूर सांगत. समोरचं पत्र कितीही खुळं असलं, तरी उत्तर सभ्य असे.

आपल्या जुन्या पत्रांचा शेवटही ठरलेला असे. आधी ‘कळावे, लोभ असावा’, आणि त्याखाली, बहुधा जागा नसताना कडेला उभं लिहिलेलं एक वाक्य: पत्राचे उत्तर लवकर पाठवावे.